रशीदभाईंची बचावफळी

आमच्या टीमनं गोल केला की सगळी पोरं गोल करणाऱ्याच्या अंगावर जाऊन पडायची. बघणारे शिट्ट्या मारायचे, कुणीतरी शर्ट काढून गरगर फिरवायचा. अशा वेळी एक माणूस पाठ फिरवून आमच्याच गोलाकडं चालत यायचा. मी गोलकीपर. खेळभर त्या माणसाची पाठच माझ्या वाट्याला यायची. चेहरा समोरून दिसायचा तो एवढ्याच वेळेपुरता. त्यावर आनंद नसायचा. तो माझ्यासमोर उभा राहून दोन्ही हात खाली दाबल्यासारखे करायचा आणि म्हणायचा, "मास्तर, आता ते चिडून येणार. जागा सोडू नका."

ते रशीदभाई तांबोळी. कळंबच्या आमच्या टीमचे स्टॉपर, म्हणजे गोलकीपरच्या पुढं उभं राहून सगळी बचावफळी सांभाळणारा खेळाडू. ते गेले ते सोलापुरात, मुलीच्या घरी. मातीही तिथंच झाली. कळंबात त्यांचं आता दुकान तेवढं उरलंय, तेही दुसऱ्याच कुणी चालवायला घेतलंय.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक. बदली होऊन कळंबला आलो तेव्हा माझ्या मोटारसायकलची सीट फाटलेली होती. बस स्टँडकडून बाजाराकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. मोटारसायकलच्या, स्कूटरच्या, ट्रॅक्टरच्या सीटा ते शिवून द्यायचे. फोमचे तुकडे, रेक्झिनचे तागे आणि चिकटवायच्या सोल्यूशनचा डोक्यात जाणारा वास. त्यांनी माझी सीट काढून मांडीवर घेतली, तळव्यानं इथं तिथं दाबली आणि तिलाच विचारलं, "कुठं दुखतंय?" मला हसू आलं. त्यांनी वर पाहिलं ते माझ्या तोंडाकडं नाही, हातांकडं.

"मास्तर, हात लांब हैत तुमचे. गोलात उभारताव का?"

मी कॉलेजात थोडंफार खेळलो होतो. तेवढ्यावर त्या रविवारी मी त्यांच्या गोलात उभा राहिलो आणि बदली होईपर्यंत तिथून हललो नाही.

रशीदभाई उंचीनं बेताचे, अंगानं आडवे, पळण्यात कुणाच्या नजरेत भरावं असं काही नव्हतं. पण समोरचा खेळाडू चेंडू घेऊन जिथं यायचा तिथं ते आधीच उभे असायचे, पाहुणे येणार हे ठाऊक असल्यासारखे. आडवं पाडून चेंडू काढणं त्यांना आवडत नसे. "पाय घालायची वेळ आली म्हंजी आपण आधी चुकलो," असं म्हणायचे. आणि एक वाक्य त्यांच्या तोंडी कायम असायचं. "गोल करणाऱ्याला लोक खांद्यावर घेऊन नाचतेत. गोल वाचवणारा चालत घरी जातो. ज्याला चालत घरी जायचंय त्यानंच मागं उभारावं."

एकदा भूमच्या टीमला आम्ही पाच-एक असं हरवलं. पोरांनी ढोल आणला. शिंदे सर, म्हणजे आमचे कोच, कॉलेजातले क्रीडाशिक्षक, ते जिलेबीचा पुडा घेऊन आले. रशीदभाई एका कडेला बसून बूट काढत होते. सरांनी जिलेबी पुढं केली तर म्हणाले, "तो एक कसा काय झाला ते सांगा आधी." दुसऱ्या दिवशी मी शाळेतून येताना त्यांनी मला दुकानात ओढलं. तो एक गोल कसा झाला ते समजावून सांगताना त्यांचा चहा थंड झाला. शबानाभाभी, त्यांच्या पत्नी, आतून म्हणाल्या, "मास्तर, रात में नींद में भी येईच चल रहा था." तेव्हा ते लाजले.

मैदानाबाहेरही हा माणूस असाच. बेंबळीला आमच्या एका खेळाडूचं लग्न होतं. जेवणाच्या पंगती बसलेल्या, आणि कुणाचा तरी बैल दावं तोडून मांडवात शिरला. बायका किंचाळल्या, माणसं पत्रावळी टाकून पळाली. रशीदभाई हातातला भाताचा घास तसाच धरून उठले आणि ओरडले, "बाला, डावीकडं! सोमनाथ, मागं हो! रेषा सोडू नका!" आम्ही चौघं-पाच जण हात पसरून ओळीत उभे राहिलो. बैल थांबला. आमच्याकडं बघितलं, वळला आणि ज्या वाटेनं आला त्या वाटेनं चालता झाला. नवरदेवाचे वडील हात जोडून आभार मानायला लागले, तर रशीदभाई म्हणाले, "माझं काय न्हाय, बालानं कोन बरोबर धरला."

हा बाला म्हणजे बालाजी. वीज मंडळात वायरमन. कळंबच्या बाहेर मळ्यात घर. घरात म्हातारी आई, बायको सुनंदा, दोन मुली. रशीदभाईंपेक्षा चारेक वर्षांनी लहान. उंच, काटक, तोंडानं अखंड बडबड. रशीदभाई पुढं उभे राहायचे आणि बालाजी त्यांच्या मागं, माझ्या अगदी पुढ्यात. पुढच्याला चकवून जो कुणी येईल त्याला गाठायचं काम बालाजीचं. दोघं एकमेकांकडं न बघता खेळायचे. रशीदभाई नुसते डावा हात किंचित हलवायचे आणि बालाजी तिकडं सरकलेला असायचा. टीमच्या पोरांनी दोघांना कधी एकेकट्यानं चहा पिताना पाहिलं नव्हतं. ईदला बालाजीच्या मुली रशीदभाईंच्या घरी असायच्या आणि दिवाळीला रशीदभाई मळ्यात. बालाजीची आई त्यांना समोर बसवून करंज्या खाऊ घालायची, आणि ते तिला बालाजीसारखंच "माय" म्हणायचे.

आमचा हंगाम दिवाळीनंतर सुरू व्हायचा. पण त्याचं बोलणं निघायचं पोळा झाला की. पाऊस ओसरायचा, मैदानातलं गवत कापायचं ठरायचं आणि एका रविवारी सगळे रशीदभाईंच्या दुकानात जमायचे. विषय ठरलेला: यंदा मागं कोण खेळणार? पुढच्या पोरांबद्दल कुणी काही बोललं की रशीदभाई म्हणायचे, "ते करतीलच गोल. त्यांना कोण अडवतंय?" मग ते दुकानासमोरच्या फळीवर शिवून तयार असलेल्या सीटा मांडायचे. ट्रॅक्टरची जाडजूड सीट मध्ये, ते स्वतः. तिच्या मागं स्कूटरची सीट, तो बालाजी. दोन बाजूंना मोपेडच्या दोन सीटा. त्या मोपेडच्या सीटा दरवर्षी बदलायच्या आणि वाद व्हायचा तो त्यांच्यावरून. शिंदे सर एक नाव घ्यायचे, सोमनाथ दुसरं. रस्त्यानं जाणारे लोक थांबून ऐकायचे आणि गिऱ्हाईक आपली सीट फळीवरून उचलायला संकोचायचं.

त्या वर्षीही आम्ही तसेच जमलो होतो. भाभींनी चहा पाठवला होता. बालाजी नेहमीप्रमाणं दुकानाच्या पायरीवर बसून सगळ्यांची टर उडवत होता. रशीदभाईंनी ट्रॅक्टरची सीट मांडली. दोन्ही बाजूंच्या मांडल्या. मग स्कूटरची सीट हातात घेतली, जरा वेळ धरून ठेवली, आणि आत नेऊन भिंतीला टेकवून ठेवली. तिच्या जागी त्यांनी तिसरी मोपेडची सीट मांडली.

"ही कोण?" शिंदे सरांनी विचारलं.

"सोमनाथ."

सोमनाथ चोवीस-पंचवीसचा, डाव्या बाजूला खेळणारा. तो चहाचा कप खाली ठेवून उभाच राहिला.

बालाजी हसत म्हणाला, "अन् म्या कुठं, छपरावर का काय?"

"यंदा तू बस," रशीदभाई म्हणाले. ते बालाजीकडं बघत नव्हते, फळीकडं बघत होते.

आधी सगळ्यांना ती थट्टाच वाटली. मग कळलं की नाही. शिंदे सर म्हणाले, "रशीदभाई, अहो, मागच्या हंगामात यानं एकट्यानं दोन मॅचा वाचवल्यात. सोमनाथ चांगला आहे, पण याला काढून?"

"सोमनाथ तयार हाय. जागा द्यायला पायजे."

"माझी जागा?" बालाजी उठला. त्याच्या आवाजातली मजा गेली होती. "का बसू? कारण सांग."

रशीदभाईंनी फळीवरची मोपेडची सीट उगाच सरळ केली.

"सांग की. सगळ्यांसमोर सांग. काय झालंय मला?"

मी तेव्हा रशीदभाईंचा चेहरा बघत होतो. सांगायचं तोंडावर आलेलं आणि परत गिळलेलं, हे मला स्वच्छ दिसलं. पुन्हा त्यांनी फळीकडं पाहिलं आणि म्हणाले, "मंदावलास तू. पाय उचलत न्हाईत तुझे."

बालाजीनं एकदा सगळ्यांकडं नजर फिरवली. "म्या मंदावलो," असं स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हणाला आणि गाडीला किक मारून निघून गेला. त्याचा चहा पायरीवर तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी दुकानात गेलो. मला राग आला होता. बालाजीच्या मागं उभं राहून मी त्याचा खेळ रोज बघत होतो. तो मंदावला नव्हता. मागच्या हंगामाच्या शेवटाला कधी कधी तो गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभा राहायचा, एवढंच. मी तसं म्हणालो.

रशीदभाईंनी मशीन थांबवलं. "तुमाला पण दिसलं म्हणा की. मग ऐका, पण तुमच्यापाशीच राहू द्या."

मग त्यांनी सांगितलं. उन्हाळ्यात दोघं लातूरला रेक्झिन आणायला गेले होते. रस्त्यातच बालाजीला घेरी आली, खाली बसला. रशीदभाईंनी त्याला एका डॉक्टरकडं नेलं. तपासण्या झाल्या. हृदयाचा स्नायू जाड झालाय, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या घ्या, आणि पळणं आजपासून बंद. पळता पळता एखाद्या दिवशी थांबेल. बालाजी बाहेर आला, कागद चोळामोळा करून गटारात टाकले आणि म्हणाला, डॉक्टर काय बी सांगतेत.

"त्याचा थोरला भाऊ असाच गेला," रशीदभाई म्हणाले. "विहिरीवर पोहता पोहता. लोक म्हणले बुडाला. बाला म्हणतो, पाणी पोटात गेलंच नव्हतं. तवापासून माय किती दिवस जेवत नव्हती. म्हणून बालानं मला कसम घातली. घरात सांगायचं न्हाय, टीममध्ये सांगायचं न्हाय. म्या जबान दिली, मास्तर. त्याला ठावं होतं म्या बोलणार न्हाय. म्हणून तर काल तसा विचारत होता, सगळ्यांसमोर."

"मग आता?"

"आता काय. चिडू द्या. घरी बसून चिडू द्या. जिता तर राहील."

पण बालाजी घरी बसला नाही. पंधरवड्यातच तो ढोकीच्या टीमकडं गेला. ढोकीच्या लोकांना आनंदच झाला. आमची अर्धी बचावफळी त्यांना आयती मिळाली. बालाजीनं रशीदभाईंशी बोलणं टाकलं. दुकानावरून जाताना तो गाडीचा वेग वाढवायचा. टीममधली पोरंही रशीदभाईंवर नाराज होती. म्हातारपणी माणूस खुर्चीला चिकटतो तसं यांचं झालंय, सोबत्याला बाजूला सारून स्वतः मध्ये बसलेत, असं सोमनाथसुद्धा बोलायचा. ज्याला जागा मिळाली तोच.

दिवाळीनंतर धाराशिवला स्पर्धा लागली. आमची आणि ढोकीची गाठ पडणार हे ठरलं तसे रशीदभाई बेचैन झाले. आधी ते ढोकीला जाऊन त्यांच्या कॅप्टनला भेटले. बालाजीला खेळवू नका, म्हणाले. का, ते सांगेनात. कॅप्टन हसला. "रशीदभाई, आमच्या डिफेन्सची एवढी धास्ती घेतली व्हय?" ही गोष्ट कळंबला त्यांच्या आधी पोचली.

मग मॅचच्या दोन दिवस आधी त्यांनी मला बरोबर घेतलं आणि मळ्यात गेले. बालाजी ड्यूटीवर होता, आई शेजारच्या वस्तीवर गेलेली. सुनंदावहिनी सोयाबीन वाळत घालत होत्या. रशीदभाई अंगणातच उभे राहिले. "वहिनी, जबान मोडायलोय म्या," अशी सुरुवात करून त्यांनी सगळं सांगितलं. लातूर, डॉक्टर, हृदय. वहिनींच्या हातातलं फावडं तसंच राहिलं.

त्या रात्री काय झालं ते वहिनींनीच पुढं कधीतरी मला सांगितलं. त्यांनी नवऱ्याला विचारलं. तो खळखळून हसला. "अगं, मॅच हाय परवा. त्याला म्या मैदानात नको हाय. तुला भुलवायला आलता." मग त्यानं धाकट्या मुलीला खांद्यावर घेऊन अंगणात पळून दाखवलं. वहिनींना त्याचं हसणं खरं वाटलं. ज्याच्याशी संसार केला त्याचं ऐकावं की ज्याच्याशी भांडण झालंय त्याचं?

मॅच झाली. एका टोकाला आमचा गोल, त्याच्यापुढं रशीदभाई. दुसऱ्या टोकाला ढोकीचा गोल, त्याच्यापुढं बालाजी. मधे सगळं मैदान. बालाजी त्या दिवशी असा खेळला की मीही बघत राहिलो. आमच्या पोरांना त्यानं गोलाच्या जवळ फिरकू दिलं नाही. आणि रशीदभाई? ते चेंडूकडं बघतच नव्हते. चेंडू आमच्या बाजूला असला तरी त्यांची मान वळून पलीकडच्या टोकाकडं असायची. मी ओरडत होतो, "रशीदभाई, समोर बघा!"

दुसऱ्या अर्ध्यात तिकडं बालाजी एकदम खाली वाकला. रशीदभाईंच्या तोंडून "बाला!" अशी हाक निघाली आणि ते त्या दिशेनं चार पावलं पळालेसुद्धा. तेवढ्यात ढोकीचा एक पोरगा त्यांनी सोडलेल्या जागेतून आत घुसला आणि माझ्या उजवीकडून चेंडू जाळीत गेला.

बालाजी बुटाची नाडी बांधत होता.

आम्ही एक-शून्यनं हरलो. लोकांनी रशीदभाईंची हुर्यो उडवली. खेळ संपल्यावर बालाजी घामानं निथळत आमच्याकडं आला. सगळ्यांशी हात मिळवले, माझ्याशीही. रशीदभाईंसमोर थांबला. "तूच मंदावलास की रे," म्हणाला.

"व्हय," रशीदभाई म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते हसत होते. तो समोर धडधाकट उभा आहे, यापलीकडं त्यांना काहीच नको होतं, हे माझ्याशिवाय तिथं कुणाला कळण्यासारखं नव्हतं. बालाजीला कदाचित कळलं असेल. तो काहीतरी बोलणार होता असं मला वाटलं. पण ढोकीच्या पोरांनी त्याला उचलून नेलं.

होळीच्या आसपास बालाजी गेला. मैदानावर नाही, खांबावर नाही. सकाळी अंगणात आंघोळीचं पाणी काढता काढता बसला तो उठलाच नाही. बातमी आली तेव्हा मी शाळेत होतो. रशीदभाई दुकान उघडं टाकून निघाले होते. मी पोचलो तेव्हा ते अंगणात, बायकांच्या घोळक्यापासून लांब, बूट हातात घेऊन उभे होते.

सुनंदावहिनींनी त्यांना पाहिलं आणि त्या उठून त्यांच्यासमोर आल्या. मोठ्यानं म्हणाल्या, "भाऊजी, तुमी सांगितलं होतं. म्या ऐकलं न्हाय हो. त्यांच्या काळजाचं तुमी घरी येऊन सांगितलं होतं."

रडणं थांबलं. बालाजीच्या आईनं मान वर केली. "काय सांगितलं होतं?" तिनं सुनेला विचारलं. "तुला ठावं होतं? तुला ठावं असून त्याला तू खेळायला धाडलंस?"

सगळं अंगण वहिनींकडं बघत होतं. एक लेक आधीच गमावलेली म्हातारी, दुसरा समोर पडलेला, आणि पुढं आयुष्यभर ह्या दोघींना एका छपराखाली राहायचं.

रशीदभाई पुढं आले. "तिला काय ठावं न्हाय, माय," ते म्हणाले. "मला बी न्हाय. म्या खोटं बोललो होतो तवा. मॅच हुती. बालानं खेळू नये म्हणून तोंडाला आलं ते बोललो."

"खोटं?"

"व्हय. खोटं."

म्हातारी त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिनं दोन्ही हात जमिनीवर आपटले. "माझ्या लेकराच्या काळजाचं वंगाळ बोललास, अन् ते लागलं रे त्याला! तुला करंज्या खाऊ घातल्या म्या. तुझं तोंड दाखवू नकोस मला, रशीद. जितेपणी दाखवू नकोस!"

रशीदभाईंनी बालाजीच्या पायांकडं एकदा बघितलं आणि ते अंगणातून बाहेर पडले. खांदा द्यायलाही त्यांना कुणी बोलावलं नाही. ते शेताच्या बांधावरून, सगळ्यांच्या मागं लांब चालत आले.

त्याच आठवड्यात मी त्यांना म्हणालो, "हे बरोबर नाही. मी सांगतो माईंना. लातूरच्या डॉक्टरांना विचारता येईल." रशीदभाई फोम कापत होते. कातरी खाली ठेवून त्यांनी माझा हात धरला.

"सुनंदावहिनीला त्याच घरात राहायचंय, मास्तर. त्याच म्हातारीपुढं रोज भाकरी ठेवायचीय. मला कुठं राहायचंय तिथं? तुमी काय बोलणार न्हाय."

मी बोललो नाही.

गावात मात्र गोष्ट पसरली. दोस्ताच्या मरणाचं बोलून मॅच जिंकायला निघाला होता, असं लोक म्हणायचे. काहींनी सीटा दुसरीकडं शिवायला टाकल्या. रशीदभाईंनी टीम सोडली. सोडा असं कुणी म्हणालं नव्हतं आणि राहा असंही कुणी म्हणालं नाही. पुढच्या पोळ्यानंतर पोरं दुकानासमोर जमली नाहीत, शिंदे सरांच्या घरी जमली. मी तिथून परत येताना दुकानात डोकावलो, तर ते मशीनवर वाकलेले. कोण कुठं खेळणार ते मी सांगायला लागलो. ते मशीन चालवतच राहिले.

सोमवारी कळंबचा बाजार. बालाजीची आई भाजी घेऊन त्याच रस्त्यानं यायची. त्या वेळेला रशीदभाई मशीन सोडून आत रेक्झिनच्या ताग्यांमागं जाऊन बसायचे. माझं तोंड तिला दिसू नये, म्हणायचे. गिऱ्हाईक आलं तर भाभी बाहेर येऊन सांगायच्या, "थोडं थांबा, नमाज पढतायत." भाभींना खोटं बोलणं जमत नसे, नमाजाची वेळ नाही हे गिऱ्हाइकालाही कळायचं.

म्हातारी गेली तेव्हा माझी बदली बेंबळीला झाली होती. तिच्यामागं काही दिवसांनी सुनंदावहिनी रशीदभाईंच्या दुकानात गेल्या. हे वहिनींनी मला स्वतः सांगितलंय, आणि मी हे लिहितोय ते त्यांना विचारूनच. त्या पायरीवर बसल्या. भाभींनी चहा दिला. रशीदभाई मशीनवरून उठले नाहीत.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमी खोटं बोलला न्हवता. मला तवाच कळलं होतं. अंगणातच कळलं होतं."

रशीदभाईंनी मशीनचं पायडल जोरात दाबलं. "मशीनचा आवाज हाय, वहिनी," ते म्हणाले. "काय ऐकू येईना."

वहिनी चहा संपेपर्यंत बसल्या आणि उठल्या. त्यानंतर त्या दर ईदला मुलींना घेऊन तिथं जायच्या. त्या गोष्टीबद्दल दोघांत पुन्हा एक शब्द झाला नाही.

मग रशीदभाईंना मूत्रपिंडाचा आजार जडला. सोलापूरला मुलीकडं राहून डायलिसिस करायचं ठरलं. अंग गळालं, आवाज खोल गेला. ज्या रुंद खांद्यांमुळं मला समोरचं काही दिसत नसे, ते खांदे शर्टात सापडेनासे झाले.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते कळंबच्या बस स्टँडवर. पोळा होऊन गेला होता, अधूनमधून एखादी सर यायची. मी पंचायत समितीत कामाला आलो होतो. सोलापूरची गाडी लागलेली, आणि खिडकीशी रशीदभाई बसलेले, शेजारी भाभी, मांडीवर पिशवी. मी खिडकीपाशी गेलो. त्यांनी हात बाहेर काढला, मी तो धरून उभा राहिलो. कसे आहात वगैरे झालं. कंडक्टर दाराशी उभा राहून प्रवासी मोजत होता.

एवढ्यात त्यांनी विचारलं, "टीमचं कसं काय? मागं कोण हैत आता?"

बालाजी गेल्यानंतर इतक्या वर्षांत त्यांनी टीमचं नाव काढलं नव्हतं. मी शिंदे सरांकडून ऐकलं होतं तेवढं घाईघाईनं सांगितलं. दोन नवी पोरं आहेत, ओंकार आणि समीर. ओंकार उंच आहे, हेडिंग चांगलं करतो. समीर वेगवान आहे पण जरा पुढं निघून जातो. सरांना वाटतं यंदा आपल्यावर गोल कमी होतील. सोमनाथला वाटतं अजून एक वर्ष लागेल.

ते डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं झोप लागली. मग डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, "दोघांचं पटतं का?"

"पटतं," मी म्हणालो. "एकाच गाडीवर येतात दोघं."

"बस्स मग," ते म्हणाले.

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी मागं सरकली तसा त्यांचा हात माझ्या हातातून सुटला. वारं लागतंय म्हणून भाभींनी काच ओढली. काचेआड ते भाभींकडं वळून काहीतरी बोलत होते; ओठ हलताना दिसत होते, शब्द काही कळत नव्हते. गाडी बार्शीच्या रस्त्याला लागली.